बेडकाचा श्वास, माणसाचं पोट

बँडमध्ये ट्रंपेट वाजवणाऱ्या गृहस्थांना सगळे 'फुगेवाले' म्हणत, कारण वाजवताना त्यांचे गाल टम्म फुगत. नव्या धुनीचा शेवटचा सूर सोळा मात्रांचा होता आणि फुगेवाल्यांचा दम अकराव्या मात्रेलाच संपायचा.

"रविवारी बागेत कार्यक्रम आहे," बँडमास्तर म्हणाले. "जमलं नाही, तर तो सूर क्लॅरिनेटवाल्या बाई वाजवतील."

यावर बाई इतक्या समजूतदारपणे हसल्या, की फुगेवाल्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. ते तडक बहिणीकडे गेले. ती जनावरांची डॉक्टर. एका कबुतराच्या पायाला पट्टी बांधत होती.

"ताई, सगळ्यांत दमदार श्वास कोणाचा गं?"

"पक्ष्यांचा. त्यांच्या फुप्फुसांना हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात. श्वास घेतानाही फुप्फुसात ताजी हवा, सोडतानाही ताजी."

"मला बसवता येतील?"

"आधी मेंदू बसवावा लागेल."

"आणि मासा?"

"तो तोंडाने पाणी घेतो, कल्ल्यांतून सोडतो."

फुगेवाल्यांनी कानामागे चाचपून पाहिलं. तिथे काही नव्हतं. तेवढ्यात टेबलावरच्या काचेच्या पेटीतला बेडूक दिसला. त्याचा गळा भात्यासारखा हलत होता.

"त्याला आपल्यासारखं हवा आत ओढणारं श्वासपटल नसतं," ताई म्हणाली. "तोंडात हवा घेतो, नाकपुड्या मिटतो आणि घशाने ती आत ढकलतो. गिळल्यासारखी."

"गिळायला तर मला येतं की!"

"अरे, बेडकाची हवा फुप्फुसात जाते. तुझी जाईल ती..."

पण फुगेवाले जिना उतरलेसुद्धा.

दोन दिवस न्हाणीघरात सराव चालला. "अहो, आत कोणाशी भांडताय?" बायको दार ठोठावून विचारी. उत्तर म्हणून नुसतं 'गुळुक' ऐकू येई.

रविवारी शेवटच्या सुराआधी फुगेवाल्यांनी बारा-तेरा घोट हवा गिळली आणि ट्रंपेट तोंडाला लावलं. अकराव्या मात्रेला दम नेहमीप्रमाणे संपला. बाराव्या मात्रेला पोटातून काहीतरी निघालं. ओठ त्यांनी सोडले नव्हते. त्यामुळे ती ढेकर थेट ट्रंपेटमधून, म्हशीच्या हंबरण्यासारखी, चांगली पाच मात्रा बागेवरून फिरली. झाडावरचे कावळे उडाले. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

"हे कागदावर नव्हतं," बँडमास्तर दात ओठ खात म्हणाले.

"पोटात होतं," फुगेवाले पुटपुटले. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं होतं.

क्लॅरिनेटवाल्या बाई मात्र खुर्चीला धरून हसत होत्या. डोळे पुसत त्या जवळ आल्या. "अहो, माझाही दम सातच्या पुढे जात नाही. मास्तरांना सांगायची हिंमत नव्हती. अकरा तुमच्या, पाच माझ्या. चालेल?"

फुगेवाले हो म्हणायला गेले, पण आधी आणखी एक ढेकर आली. बाईंनी तिलाच होकार मानलं.

पुढच्या कार्यक्रमात सूर सोळा मात्रा सरळ चालला. जोड कुठे आहे ते बँडमास्तरांनाही कळलं नाही. आजोबा मात्र शेवटी हिरमुसून म्हणाले, "मागच्या वेळी जास्त रंगलं होतं."