खिडकीवरची सासू

बदरुन्निसाने ते चित्र खिडकीला चिकटवलं ते तिच्या नवऱ्याला, मुनाफला, मुळीच पसंत नव्हतं. पण करणार काय? इराकची क्षेपणास्त्रं येणार, त्यांतून विषारी वायू सुटणार, खिडक्या बंद करा, असं रेडिओ सारखा ओरडत होता. सौदीतल्या धाहरानच्या बाजारात प्लॅस्टिक औषधालाही उरलं नव्हतं. घरात जाड मेणकापड एकच होतं, आणि नेमकं त्यावर ते चित्र छापलेलं.

चित्र होतं शेजारच्या फिलोमिना सिस्टरच्या मालकीचं. वसईची ख्रिस्ती बाई, इस्पितळात नर्स. आईची आठवण म्हणून साडीच्या घडीत लपवून तिने ते या देशात आणलं. लढाईच्या भीतीने घाईघाईने घरी जाताना विमानतळावर पुन्हा तो धोका नको, म्हणून बदरुन्निसाच्या हवाली केलं. युरोपातल्या कुणा जुन्या चित्रकाराची नक्कल होती. काळाकुट्ट गोठा, आणि सगळा उजेड गवतावरच्या उघड्या बाळ येशूच्या अंगातून निघालेला. भोवती मरियम, म्हातारा जोसेफ, तोंडाचा आ केलेले गुराखी, एक बैल. वर पंखवाली गुबगुबीत पोरं लोंबकळत होती. इथे परधर्माचं असलं चित्र सापडलं तर तेही जाणार आणि मुनाफचा इकामा, म्हणजे राहायचा परवानाही.

"सिस्टरला जबान दिलीय मी," एवढंच बदरुन्निसा म्हणे.

आणि दुपारी कफील दारात उभा! अबू नासर मुनाफचा मालक, आणि या घराचाही. खिडक्या नीट बंद केल्यात का, हे तो जातीने बघत फिरत होता. तो सरळ आतल्या खोलीत गेला आणि चित्रासमोर थबकला.

"ये कौन लोग?" कामगारांत राहून त्याला हिंदी येत होतं.

दाराआडून बदरुन्निसाच बोलली, "इनका खानदान है. वो मेरी सास. घास पे ये खुद हैं."

मुनाफने जन्मात प्रथमच स्वतःला एवढं उजळ पाहिलं.

"जानवर के साथ पैदा हुआ?"

अबू नासरच्या नजरेत कीव होती. रत्नागिरीला मुनाफच्या बापाचं चांगलं चिरेबंदी घर होतं, ओटीवर झोपाळा होता. पण बापाची इज्जत सांभाळायची की इकामा? त्याने मान खाली घातली. "बहुत गरीबी थी."

"और ऊपर ये?"

"इनके भाई," बदरुन्निसाने उसासा टाकला. "बचपन में गुजर गए."

मुनाफ एकुलता एक. बायकोच्या जिभेला हाड नाही हे त्याला लग्नापासून ठाऊक होतं, पण आज तिने न जन्मलेले दीरसुद्धा मारले.

"अल्ला रहम करे," म्हणून अबू नासर बाहेर पडला. मुनाफचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच तो गाडीतून खजुराची पेटी घेऊन परत आला.

"तुम्हारी माँ के लिए."

"अम्मी तो कोकण में..."

"वो नहीं. खिडकीवाली." अबू नासरचा चेहरा गंभीर होता, मिशा तेवढ्या थरथरत होत्या. "हमारे कुरान में मरियम पेड के नीचे थी. उसको ताजा खजूर मिला. इस पेंटर ने बेचारी को कुछ नहीं दिया."

माफी मागावी की मिठी मारावी हे मुनाफला कळेना. पेटी छातीशी धरून तो लहान पोरासारखा रडायला लागला.

"खलास, खलास! बस अब!" अबू नासर गाडीकडे वळला. "कोने का टेप निकल गया है. अभी लगाओ. हवा सीधा बच्चे पे आता है."