धोंडुमावशीच्या नावावरची हिरवी खूण

धोंडुमावशीला गावानं खोटारडी ठरवलं, आणि तिला खोटारडी ठरवणारं ॲप आमच्याच विश्रामबागेतल्या ऑफिसात तयार झालेलं. डोकं फिरणार नाही तर काय!

मावशीच्या आटपाडीकडच्या गावात कालव्याचं पाणी पाळीनं मिळतं. ज्याची पाळी झाली त्याच्या नावापुढं पाणी संस्थेचा माणूस आमच्या ॲपमध्ये हिरवी खूण करतो. यादीतल्या प्रत्येक नावाला स्वतःची कायमची ओळख द्या, असं मी ॲप लिहिणाऱ्या जयराजसरांना घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं होतं. सरांनी ओळख म्हणून जागाच धरली: पहिली ओळ, दुसरी ओळ.

"चालतंय की रेश्मा. उगाच कीस पाडू नको."

चाललं ना! पहिल्या ओळीतल्या आप्पासोंनी पाणी घेतलं, मग बोअर मारली आणि संस्थेतून नाव काढून घेतलं. खालची नावं वर सरकली, दुसरी असलेली मावशी पहिल्या ओळीत आली, खुणा मात्र जागच्या जागी. आप्पासोंची हिरवी खूण मावशीच्या माथी बसली.

सकाळी तिचा फोन. "दोनदा पानी लाटाया आलीय म्हनत्यात गं मला! उद्या कालवा बंद हुतोय. मका करपाया लागलीय."

मी तशीच सरांच्या टेबलापाशी गेले.

"पुढच्या आठवड्यात बघू," सर म्हणाले, आणि जेवणाआधी हात धुवायला गेले.

आमचे डबे एका फळीवर ओळीनं असतात. पहिला माझा, दुसरा सरांचा. पहिल्या जागेखाली मी 'जेवण झाले' अशी चिठ्ठी चिकटवली, माझा डबा उचलला आणि बाकीचे पुढं सरकवले. सर आले तसा त्यांच्या डब्यावर हात ठेवला.

"तुमचं जेवण झालंय, सर. चिठ्ठी आहे खाली."

"अगं, मी घासही घेतला नाही!"

"मावशी सकाळपासून हेच ओरडतेय."

सर लालबुंद झाले. पण डबा तिथंच ठेवून कॉम्प्युटरपुढं बसले. प्रत्येक नावाला स्वतःची ओळख मिळाली, मावशीपुढची खूण गेली, आणि संध्याकाळी पाणी तिच्या मक्यात शिरलं.

मी हौसेनं फोन स्पीकरवर टाकला.

"आलं गं पानी," मावशी म्हणाली. "पन चावडीवर समद्यांम्होरं मला खोटारडी म्हनले. त्ये कोन पुसनार?"

मी फोन सरांपुढं धरला. "सांगा तिला."