पूर्वेकडे तोंड करून

मित्रांनो, माझ्या अंगावर इतके खळगे आहेत की पाऊस पडून गेला की माझ्या टपावर वाटी वाटी पाणी साचतं आणि चिमण्या येऊन ते पिऊन जातात. वय झालं आहे माझं. एके काळी मी निळीशार होते. आता कुठे निळी, कुठे तांबूस, तर कुठे नुसता पत्राच दिसतो. मी एक पिकअप गाडी. पुढे दोघांपुरती जागा आणि मागे सामानाचा उघडा हौदा. कारखान्यातून निघाले तेव्हा मला वाटलं होतं, आपण गवताच्या पेंढ्या वाहू, वासरं बाजारात नेऊ. इथे अमेरिकेत, पश्चिम ओक्लाहोमातल्या माझ्या बहिणी जन्मभर तेच करतात. माझ्या नशिबी मात्र आभाळामागे धावणं लिहिलेलं होतं.

मला घेतलं आर्लिसनं. तो पवनचक्क्या दुरुस्त करायचा. पण माझा खरा कारभार पाहायची त्याची थोरली बहीण, ट्वायलाताई. गव्हाच्या ओंब्या भरू लागल्या आणि दक्षिणेकडून ओलसर, उबदार वारा सुटला, की ताई अंगणात उभी राहून हवा नुसती हुंगायची आणि म्हणायची, “आर्लिस, तेलपाणी बघून घे रे गाडीचं. आज तो येणार.” तो म्हणजे गडगडाटी मेघ. आमच्याकडे त्याचं नाव माणसासारखंच घेतात.

आमचं काम तसं साधं होतं. हवामान कचेरीचं रडार मेघाचं पोट बघतं, पण त्याचे पाय जमिनीला लागले की नाही ते त्याला कळत नाही. ते कुणीतरी उघड्या डोळ्यांनी पाहून कळवावं लागतं. म्हणून माझ्यात एक रेडिओ-संच बसवला होता. ताई त्याचा बोलका, म्हणजे बोलायचा माइक, हातात धरून कळवायची, मग गावोगावचे भोंगे वाजायचे आणि माणसं तळघरात उतरायची. हे काम करणारे आमच्यासारखे पुष्कळ होते. त्यांना पगार नव्हता आणि कुणाचा हुकूमही नव्हता.

आणि काय सांगू तुम्हाला त्या मेघाची शोभा! दुपारी फुलकोबीच्या गड्ड्याएवढा दिसणारा ढग बघता बघता आभाळाच्या माथ्याला टेकतो आणि तिथे ऐरणीसारखा सपाट पसरतो. त्याच्या बुडाशी सगळा काळोख हळूहळू गरगरत असतो. गारांच्या आतून हिरवा उजेड झिरपतो. कधी कधी त्या काळोखातून एक सोंड खाली उतरते, जमीन चाचपते, आणि जिथे टेकते तिथलं सारं उचलून घेते. त्यालाच टोर्नेडो म्हणतात. त्याची भीती वाटते, पण डोळे हटत नाहीत. अशा वेळी ताई पुटपुटायची, “देवा, तुझा पसारा तुलाच ठाऊक.” मला हात असते, तर मीही जोडले असते.

ताईचे दोन नेम होते. मला उभी करायची ती मेघाकडे पाठ करून, तोंड निघायच्या वाटेकडे ठेवून. दुसरा नेम असा की मेघ पाहिला की आधी कचेरीला कळवायचं, मग डोळे भरून बघायचं. आर्लिस यावरून तिची फार चेष्टा करायचा.

“ताई, तू स्वर्गाच्या दारात गेलीस तरी आधी कचेरीला कळवशील.”

“कळवीन की! मागून तू येतोयस म्हणून सावध करायला नको का त्यांना?”

माझ्या अंगावरच्या खळग्यांचा मान मोठा होता. टर्की बेंड नावाच्या गावात एल्डनचा पेट्रोल पंप आहे. मेघ उठायची वाट बघत, मेघामागे धावणारे आम्ही सगळे पाठलागवाले त्याच्या आवारात थांबायचो. एल्डनची बायको ओमा पीचच्या तळलेल्या करंज्या गरम गरम आणून द्यायची. तिथे नवीन गाड्यांकडे कुणी बघायचं नाही. माझ्या बॉनेटवरून मात्र हात फिरवून माणसं विचारायची, “हा खळगा कुठल्या गारेचा?” एकदा एक जण खळगे ठोकून काढून देतो म्हणाला, तेव्हा आर्लिस घरच्या कुत्र्याला कुणी दगड मारावा तसा चिडला होता.

आर्लिसची एकच इच्छा होती. मरता मरता सोंड दोरीसारखी बारीक होते, वळसे घेते, उन्हात पांढरीशुभ्र चमकते. ते काही क्षणांचंच असतं. त्याचं एक छायाचित्र त्याला हवं होतं. दर वर्षी काहीतरी आडवं यायचं. कधी पाऊस यायचा, कधी टेकडी, कधी ताईचं “चल, चल, निघायला हवं!” त्यातच त्याच्या एका डोळ्यापुढे धुकं धरू लागलं होतं. त्यानं ते ताईला सांगितलं नव्हतं, पण मला ठाऊक होतं. रस्त्याकडेच्या खांबांना घासून मी त्याच्यामुळेच दोनदा खरचटले होते.

त्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस एका दुपारी तो योग आला. टर्की बेंडच्या पश्चिमेला, मोकळ्या हमरस्त्यावर आम्ही उभे होतो. मागेपुढे गाड्यांची रांग लागली होती. वायव्येला सोंड उतरली होती, आणि आता ती बारीक होत चालली होती. मोकळ्या रानात ती पोचली होती. तिथे ना घर होतं, ना गुरं. बाजूनं तिच्यावर ऊन पडलं होतं. सगळी माणसं कॅमेरे लावून श्वास रोखून उभी होती. आर्लिसनं तिपाई रोवली, चांगला डोळा कॅमेऱ्याला लावला आणि म्हणाला, “आली गं ताई, आली. माझी दोरी आली.”

मी नेहमीप्रमाणे पूर्वेकडे तोंड करून उभी होते. आणि मित्रांनो, माझ्या पुढच्या काचेतून मला जे दिसत होतं, ते त्या सगळ्या माणसांत कुणालाच दिसत नव्हतं.

जुनी सोंड मरत असताना मेघानं सगळ्यांच्या पाठीमागे, पूर्वेला, दुसरी जुळवायला घेतली होती. ढगाचं बूड भिंतीसारखं खाली आलं होतं. त्याच्याखाली तांबडी माती गोल फिरू लागली होती. तिच्यापुढे टर्की बेंड होतं. मी काय करणार? ज्यांच्यासाठी मी आयुष्य झिजवलं, ती माणसं माझ्याकडे पाठ करून उभी होती, आणि मला वाचा नव्हती.

तेवढ्यात ताई आली. दोरी बघायचं सोडून, नेमाप्रमाणे आधी कळवायला आली. आत बसून तिनं बोलका उचलला.

“कचेरी, मी ट्वायला बोलतेय. सोंड विरत चाललीय. टर्की बेंडच्या लोकांना आता बाहेर यायला हरकत—”

तिनं मान वर केली आणि काचेतून पाहिलं.

“थांबा! थांबा! बाहेर सोडू नका कुणाला. दुसरी होतेय. गावाच्या अगदी तोंडाशी. भोंगे वाजवा!”

पलीकडचा माणूस गोंधळला. “ताई, बाकी सगळे तर संपली म्हणतायत. रडारचं पुढचं चित्र यायला थोडा वेळ लागेल.”

“चित्र येईपर्यंत एल्डन दारात खुर्ची टाकून बसेल, बाबा! मी डोळ्यांनी बघतेय. माझ्या नावावर वाजवा.”

मग तिनं दोन्ही हातांनी माझा हॉर्न दाबून धरला. मी ओरडले. आयुष्यात एवढी कधी ओरडले नव्हते.

“कोण आहे तो गाढव? सगळा आवाज आला ना माझ्या चित्रणात!” एक जण खेकसला.

“ताई, दोनच मिनिटं!” आर्लिस कॅमेऱ्यावरचा डोळा न काढता ओरडला. “आयुष्यभर थांबलोय मी!”

“मागे बघ रे मेल्या! मागे!”

तो वळला. मग सगळेच वळले. त्याच क्षणी दूर गावाचा भोंगा उठला. आर्लिसनं दोरीकडे एकदा पाहिलं. ती अजून चमकत होती. तिपाई तिथेच टाकून तो माझ्याकडे धावला.

दक्षिणेच्या फाट्यानं आम्ही निसटलो. वाटेत लिंबाएवढ्या गारा आल्या. माझी काच कोळ्याच्या जाळ्यासारखी तडकली, पण मी थांबले नाही. मागे ती नवी सोंड आता सोंड राहिलीच नव्हती, काळा डोंगर चालत निघाला होता.

सारं शांत झाल्यावर आम्ही गावात गेलो. पंपाचं छप्पर नव्हतं. ओमाचं स्वयंपाकघर उघडं पडलं होतं आणि चुलीवर चिखल बसला होता. ताई दारोदार हाका मारत फिरली. एकेका तळघराचं झाकण वर होत होतं आणि एकेक डोकं बाहेर येत होतं. शेवटी एल्डन निघाला, मागून ओमा.

“मी खुर्ची टाकून बसलोच होतो,” एल्डन म्हणाला. “भोंगा परत वाजला, तर मी म्हटलं, बिघडला असेल. हिनं कान धरून आत नेलं.”

“आणि खुर्ची कुठाय?” आर्लिसनं विचारलं.

“ती गेली शेजारच्या जिल्ह्यात. माझ्याशिवाय!”

सगळे हसले आणि ओमा एकाएकी रडू लागली. ताईनं तिला जवळ घेतलं. गावात काहींचे हातपाय मोडले होते, पण जीव एकही गेला नव्हता.

आर्लिसला ती दोरी पुन्हा कधी मिळाली नाही. पुढच्या वर्षी त्याचा तो डोळा पुरता गेला. पण त्या दिवशी परतताना त्यानं माझ्या बॉनेटवरच्या गारा हातानं बाजूला सारल्या आणि ताईला म्हटलं, “बघायचं तेवढं बघितलं मी. बाकी तू पाहिलंस तेच बरं झालं.”

पुढे माझं इंजिन थकलं. आत स्क्रीन बसवलेल्या, बोलणाऱ्या नव्या गाड्या आल्या. मला एल्डनच्या नव्या पंपामागे उभं केलं गेलं. गांधीलमाश्यांनी माझ्या आरशात घरटं केलं, आसनाखाली उंदरांनी संसार थाटला. कित्येक वर्षांत माझी काच कुणी पुसली नाही. वाईट वाटायचं. खोटं कशाला बोलू?

पण त्या दिवसापासून एक गोष्ट मात्र आमच्या भागात रुजली आहे. आता कुठेही पाठलागवाले मेघ बघायला उभे राहिले, की आधी काड्या काढतात. ज्याच्या हाती आखूड काडी येईल, त्यानं सगळ्यांकडे पाठ करून दुसरीकडे बघत उभं राहायचं. आभाळात कितीही देखणं काही चालू असलं, तरी वळायचं नाही. गेल्या महिन्यात इथेच आवारात एक तरुण मुलगी तशी उभी होती. मागे सगळे “वा! वा!” करत होते. तिचे डोळे भरून आले होते, पण ती पूर्वेकडेच बघत होती. मला तिच्यात माझी धाकटी बहीण दिसली.

मित्रांनो, एक मागणं आहे. मला पुन्हा रंगवू नका, खळगेही काढू नका. पण सगळे एकाच दिशेला बघत असताना कुणी एकटं पाठ फिरवून उभं दिसलं, तर त्याला हसू नका. त्याच्याजवळ जा, प्यायला पाणी द्या, आणि त्यानं न पाहिलेलं जे काही असेल, ते घरी जाताना वाटेत त्याला सगळं सगळं सांगा.