बनुबाईच्या देव्हाऱ्यातली यादवी

मी ग्रंथ बोलतोय. सातशे पानांचा, दोन्ही अंगांनी फुगल्याला. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, मागनं हसू नका. मला वाचता येत न्हाई. पोटात येवढी अक्षरं हायेत, पन ती काय म्हनत्यात ते कुनी मोठ्यानं वाचल्याबिगर मला कळत न्हाई. तुमाला तरी तुमच्या पोटातलं कुठं कळतं? डाक्टरलाच इचारावं लागतं का न्हाई?

जल्म माझा पुन्याच्या छापखान्यातला. अंगावर रंगीत चित्र हाय. घोड्यावर बसल्याली बाई, तोंडावर पडदा, हातात नंगी तलवार. आन् आत आपल्या नगरच्या निजामशाहीतली यादवी. यादवी म्हंजी घरातल्या घरात लढाई. सुलतान लढाईत पडला, आन् गादीवर कोन बसनार म्हनून आपल्याच सरदारांनी आपल्याच लोकांची डोकी फोडली, ती सगळी कथा.

पैला मालक केडगावचा, रिटायर सायेब. त्यानं मला काचंच्या कपाटात ठिवला. पावना आला की इचारायचा, "हे वाचलंत का हो?" सायेब म्हनायचा, "दोनदा." खोटं. चौदाव्या पानाच्या म्होरं त्यो कदी गेलाच न्हाई. जरा उघडला की मी त्येला डुलकी लावायचो, ही माझी पैली खोडी. मंग त्यानं मला प्यांटीवर ठिवायला सुरवात केली, घडी बसायला. शेवटाला रद्दीत घातला. तितनं काष्टीच्या बाजारात, फुटक्या कपांच्या आन् जुन्या कुलपांच्या शेजारी गोनपाटावर येऊन पडलो.

तितं मला बनुबाईनं बघितलं. काष्टीजवळच्या वाडीवरची म्हातारी, मिरच्या घ्यायला आल्ती. तिलाबी वाचता येत न्हाई, म्हंजी आमची जोडी जमल्यालीच. चित्रावरची तलवार बघितली आन् तिनं तितंच हात जोडलं. "आई गं, तू हितं कुलपांत कशी बसलीस?"

घरी नेला, तांबड्या खनात गुंडाळला, देव्हाऱ्यात बसवला. रोज सकाळी चित्राला हळद-कुकू. घोड्याच्याबी कपाळाला कुकू. केडगावात इस्तरी हुतो, हितं देव झालो, मी कशाला तोंड उघडू?

पन देवाच्या जागी बसलं की मानसाचं गाऱ्हानं ऐकावं लागतं. बनुबाईला दोन ल्योक. थोरला बन्सी, धाकटा सुनील. सा वर्सांमागं ऐन उनाळ्यात सुनीलची पाइपलाइन कुनीतरी फोडली, कांदा जळाला. कुनीतरी येऊन त्येच्या कानात सांगितलं, बन्सीनंच फोडली. तवापासनं दोघांचा अबोला. अंगनात मधी पत्रं ठोकलं. म्हातारीचं जेवान एक म्हैना पत्र्याच्या ह्या अंगाला, एक म्हैना त्या अंगाला. मला म्हनायची, "आई, तुजी पोथी लावते. पारन्याला माजी दोन्ही पोरं एका पंगतीत बसू दे. दुसरं कायबी मागत न्हाई."

औंदाच्या श्रावनात तिनं मला मारुतीच्या देवळात नेलं. वाडीची रीत अशी, की एकानं पोथी वाचायची आन् दुसऱ्यानं अर्थ सांगायचा. वाचायला गहिनीनाथ आबा. चाळीस वर्सं त्यो पोथ्या वाचतोय, आता त्यो दुकानाची पाटीबी चालीवर वाचतो. नारळ फुटला, उदबत्ती लागली, खन सुटला. आबानं चष्मा नाकावर सरकवला आन् चाल लावून वाचलं, "सुलतान इब्राहीम निजामशहा-आ-आ..."

हात जोडल्याली मानसं एकमेकांकडं बघाय लागली. मला आतल्या आत अशी हसूची उकळी फुटली म्हनता, दोन-चार पानं आपसूक फडफडली.

आबा म्हनला, "बनुबाई, ह्यात देवीचं कायबी दिसंना."

समोर पीरमहंमद चाचाचं शिलाईचं दुकान हाय. गळ्यात टेप तसाच घिऊन चाचा पायरीशी आला, चित्र बघून गालात हसला. "बनुबाई, ही नगरची चांदबिबी हाय. सा वर्सं तुमी आमच्या बिबीला कुकू लावलं."

बनुबाई काय दबनारी न्हाई. म्हनली, "मंग? हातात तलवार हाय, पाठीशी लेकरू हाय का तिच्या?"

"हाय की. भावाचा नातू. तान्हा बहादूर. त्येच्याचसाठी लढली."

"मंग देवी आनखी कशी आसती रं, पीरमहंमद?"

आबानं फुटल्याल्या नारळाकडं बघितलं. "नारळ फुटला. आता पोथी पुरीच करावी लागंल, आर्धी ठिवली तर घराला बाधती. पन शबुद सगळं फारशी हायेत. चाचा, अर्थ तुमी सांगा."

तवापासनं रोज सांच्याला आबा वाचायचा आन् चाचा अर्थ सांगायचा. पैल्या दिशी धा मानसं हुती. चौथ्या दिशी देवळाभाईर चपला ठिवायला जागा न्हाई. आवो, गादी एक आन् पार्ट्या चार. मियाँ मंजू वजिरानं एक पोरगं आनलं. इखलासखान सरदारानं दुसरं, ते तर बाजारातनं उचलून. तिसऱ्यानं सत्तर वर्सांचा म्हातारा उभा केला. आन् चांदबिबी त्या तान्ह्याच्या बाजूला. "म्हंजी ग्रामपंचायतच की," मागनं कुनीतरी म्हनलं. बाया म्हनायच्या, "ही मंजू कोन गं, लई कारस्थानी दिसती." चाचा सांगायचा, "मंजू बाई न्हाई, वजीर हाय." बाया म्हनायच्या, "आसूं द्या, नाव तर तिचंच हाय."

बन्सीबी यायचा, सुनीलबी यायचा. एक ह्या खांबाला टेकून, एक त्या खांबाला. मधी देऊळभर मानसं.

आन् एक दिशी पोथीत मियाँ मंजूनं मोगलाला कागद धाडला, की या, मला मदत करा. सुनील खांबाला म्हनला, "गहिनीनाथ आबा, भाईरच्याला घरात बोलवतो त्यो कसला वजीर?"

बन्सी त्येच्या खांबाला म्हनला, "आबा, बोलवायची पाळी कुनी आनली ते बी त्येला सांगा. इखलासखानानं त्येला किल्ल्यात कोंडला हुता."

"आबा, सांगा त्येला, कोंडलं म्हनून घर इकायचं आसतं का?"

"आबा, सांगा त्येला, मोगल म्होरं आला तवा मंजूलाच लाज वाटली. मागचं पान त्यानं ऐकलं न्हाई, झोपला हुता."

"ए, कोन झोपलं हुतं?"

आबा मधल्यामधी मान हलवत बसल्याला. बनुबाई बायांत बसली हुती, तिनं पदर तोंडाला लावला. शेजारनीनं इचारलं, "काय झालं गं?"

"सा वर्सात पैल्यांदा 'ए' म्हनला."

तितनं म्होरं रोज जुंपायची. मंजू आन् इखलास जाऊन चारशे वर्सं झाली, पन बन्सी आन् सुनीलनं त्येंला झोपू दिलं न्हाई. वाचन संपलं तरी पायरीवर भांडत्यात, भांडत भांडत घरापातूर जात्यात, आन् पत्र्यापाशी आलं की तोंड फिरवून दोन दारांनी आत. बनुबाई खूश. पन मला घरी आनलं की माझी उरल्याली पानं अंगठ्यानं चाचपून बघायची, आन् तिचं तोंड उतरायचं. वाचायचं सरलं की बोलायचंबी सरनार. "सावकास संप रे बाबा," म्हनायची.

कुठवर वाचलं त्येची खून म्हनून माझ्यात मोराचं पीस घातल्यालं. मी मनात म्हनलं, ह्ये जरा मागं सरकवावं. तेवढ्यात म्हातारीनंच बोट घातलं आन् पीस चांगलं वीस पानं मागं नेलं. सांगतो ना, आमची जोडी जमल्याली.

दुसऱ्या दिशी आबानं परत तेच वाचलं. मोगलानं सुरुंग लावला, तटाला भगदाड पडलं, बिबी तोंडावर पडदा घिऊन तलवार उपसून भगदाडात उभी राहिली आन् उजाडायच्या आत भिंत परत बांधून काडली. कालच ऐकल्यालं, तरी सगळी श्वास धरून बसल्याली. तिसऱ्या दिशी परत तेच भगदाड. कळलं समद्यांला, बोललं कुनी न्हाई. मला तवा उमगलं, लोक माझ्यात काय बघत्यात. कोन जिकनार ते ठावं आसतं. तरी दर खेपंला वाटतं, ह्या बारीला तरी आपली मानसं शानी हुतील.

पन श्रावन काय कुनासाठी थांबत न्हाई. पोळ्याचा दिस आला, एकच अध्याय उरला. बनुबाई उठून म्हनली, "आबा, हितंच थांबवा. वऱ्हाडचा मुलूख मोगलाला दिला, तह झाला, किल्ला वाचला. बास झालं."

आबा म्हनला, "आर्धी ठिवायची न्हाई, बनुबाई. तुमच्याच घराला बाधंल." चाचा खाली बघत बसला, त्येला म्होरचं ठावं हुतं.

आबानं वाचलं. चाल न लावता वाचलं. मोगल परत आला. बिबी म्हनली, लढून निभनार न्हाई, बोलून बघू. तेवढ्यावर कुनीतरी उठवलं, बिबी मोगलाला मिळाली. झालं. तिचीच मानसं तिच्या म्हालात घुसली आन् तिला मारली. मंग किल्ला गेलाच.

चाचानं अर्थ सांगितला न्हाई. सुनील खांब सोडून ताठ बसला. मंग म्हनला, "तिला निस्तं इचारायचं तरी."

बन्सी म्हनला, "इचारलं आसतं तर तिनं सांगितलं आसतं. मलाबी कुनी इचारलं न्हाई."

आता ह्यो काय बिबीबद्दल बोलत न्हाई, हे देवळातल्या लेकरालाबी कळलं. सुनीलनं मान खाली घातली. फरशीवर बोटानं रेघ वडत म्हनला, "फोडली हुतीस का?"

"न्हाई."

"मंग कुनी?"

"मला काय ठावं. तुज्या कानात सांगनाऱ्याला इचार."

येवढंच. गळ्यात पडनं न्हाई, रडनं न्हाई. आपल्याकडं तसलं शोभतबी न्हाई.

पारन्याची पंगत बनुबाईच्या अंगनात बसली. पत्रं काडल्यालं न्हाई, पन म्हातारीनं जेवनाची पानं त्येच्या टोकाला भाईर मांडली, एका वळीत. बन्सी बसला. एक पाट सोडून सुनील बसला. म्हातारीनं मला आनला आन् त्या मोकळ्या पाटावर ठिवला. दुसरा घास पोटात गेला न्हाई तर सुनील म्हनला, "तरीबी मंजूनं कागद धाडायला नको हुता."

"दादाला शिकवू नगं. वाड आमटी."

आमटीची पळी माझ्या डोक्यावरनं गेली आन् बरोबर घोड्याच्या तोंडावर सांडली. चाचा पुसायला उठला. बनुबाई म्हनली, "ऱ्हाऊ दे रं. दोघांत बसल्यावर सांडायचंच."

तर आता माझं असं हाल हायेत. पाठ मोडल्याली, भगदाडाची पानं निसटल्याली, अंगाला आमटीचा वास. देव्हाऱ्यात परत गेलो न्हाई. एक अठवडा पत्र्याच्या ह्या अंगाला आसतो, एक त्या अंगाला, कारन दोघांलाबी एकमेकाला खोटं पाडायला मी लागतो. तुमच्या घरी माझा कुनी भाऊबंद काचंच्या कपाटात बसला आसंल तर त्येच्यावर दया करा. प्यांटी इस्तरीवाल्याकडं द्या आन् त्येला भाईर काडा. आन् मोठ्यानं वाचा बाबांनो. आमालाबी कळू द्या, आमच्या पोटात काय हाय.