आवाज गिळणारा टायर

मित्रांनो, मी ट्रकचा एक जुना टायर आहे. माझ्या अंगावरच्या खाचा केव्हाच झिजल्या. रस्त्यावर धावायला मला आता कोणी नेणार नाही. तरी मी रिकामा बसलेलो नाही. बेसा गावाच्या पुढे, शेतांच्या कडेला एक छोटा रायफल क्लब आहे. तिथे रोज माझ्या पोकळीतून गोळ्या जातात आणि मी त्यांचा आवाज गिळतो. हे काम मला उत्तम जमते, हे सांगताना मी लाजणार नाही.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी काळाभोर आणि ताठ होतो. उमरेडकडचा कोळसा वाहणाऱ्या एका ट्रकला मला बसवले. आमचा ड्रायव्हर रुपराव रोज निघण्याआधी लोखंडी सळईने मला ठोकून बघायचा. आवाज खणखणीत आला की म्हणायचा, "हा गडी धोका देत नाही." मी खरेच कधी दिला नाही. दोनदा माझ्यावर नवे रबर चढवले, दोन्ही वेळा मी पुन्हा कामाला लागलो. तिसऱ्यांदा मात्र मिस्त्रीने नुसता हात फिरवला आणि मान हलवली.

मग लकडगंजमधल्या एका पंक्चरच्या दुकानाबाहेर मी पडून राहिलो. माझ्यात पाणी साचले, डास झाले. थंडी पडली की कोणीतरी यायचे आणि आमच्यातला एखादा शेकोटीसाठी घेऊन जायचे. दूरवर काळा धूर उठला की तो कोणाचा, हे आम्हाला कळायचे. तेवढ्या दोन हिवाळ्यांत मला खरी भीती वाटली.

एका दुपारी शालिकराम आले. ते त्या रायफल क्लबची देखभाल करतात. त्यांनी आमच्यातले अकरा एकाच मापाचे टायर निवडले. त्यांत मी होतो. टेम्पोत चढवताना ते दुकानदाराला सगळी हकीकत सांगत होते, म्हणून ती मलाही कळली.

क्लबच्या कुंपणाला लागूनच पंचफुलाबाईंचा गोठा होता. सहा म्हशी. गोळीबार सुरू झाला की म्हशी बिथरायच्या. कजरी नावाच्या म्हशीने तर दावे तोडले आणि ती नालीत पडून लंगडी झाली. पंचफुलाबाईंनी ठाण्यात अर्ज दिला. तिथून निरोप आला, 'पंधरा दिवसांत आपसात मिटवा, नाहीतर नेमबाजीची रेंज बंद ठेवा.' क्लब चालवणाऱ्या देवकी मॅडमनी वीस वर्षे घालून ती रेंज उभी केली होती. बंदुकीच्या तोंडाला लावायचा सायलेन्सर आपल्याकडे सामान्य माणसाला कायद्याने ठेवता येत नाही. तो मार्ग नव्हताच.

तेव्हा शालिकरामांना आठवले, की पूर्वी टायरच्या गोदामात काम करताना थप्पीमागे बसले की बाहेरचे हॉर्नसुद्धा ऐकू येत नसत.

त्यांनी आम्हाला धुतले, वाळवले. आतून जुन्या गाद्यांचा फोम भरला आणि लोखंडी घोडीवर आम्हाला एकामागे एक उभे केले. टायरांचा बोगदाच तयार झाला. नेमबाजाने त्याच्या तोंडाशी बंदूक धरायची आणि समोर पन्नास मीटरवरच्या कागदावर नेम साधायचा. मी रांगेत पहिला होतो.

देवकी मॅडम स्वतः गोठ्यात गेल्या. "ताई, एकदा परीक्षा घ्या. तुम्ही सांगाल ते मान्य."

पंचफुलाबाई म्हणाल्या, "माही परीक्षा सोपी हाय, मॅडम. मी कजरीले दोहतो, तुमी गोळ्या मारा. तिनं पान्हा सोडला तर अर्ज वापस. चोरला, तर तुमचं दुकान बंद."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी पहिली गोळी झाडली. केवढा तो धक्का! पण मी घट्ट उभा राहिलो. आवाज माझ्या पोकळीत शिरला, फोममध्ये फिरला आणि दमून गेला. मला वाटले, जिंकलो. तेवढ्यात कुंपणापलीकडे बादली उलथल्याचा आवाज आला. कजरीने लाथ मारली होती.

"काय झालं वं ताई?" शालिकरामांनी विचारले. "आवाज तर कमी झाला ना?"

"धडाका कमी झाला गा. पण त्याच्यामागून तो चाबकासारखा कडाका येऊन राहिला ना, तो तसाच हाय. कजरी त्यालेच भेते."

शालिकरामांचा चेहरा उतरला. मलाही वाईट वाटले. देवकी मॅडम मात्र बंदूक पेटीत ठेवून कुंपणाशी गेल्या.

"ताई, तुम्ही आमच्यापेक्षा नीट ऐकलंत. ते दोन आवाज आहेत. एक बंदुकीच्या तोंडाचा, तो या टायरांनी गिळला. दुसरा गोळीचा. गोळी आवाजापेक्षा जोरात पळाली की हवेत कडाका होतो. आम्ही सरावाला मिळतील त्या वेगवान गोळ्या वापरत होतो. चूक माझी आहे."

"मंग हळू पळणाऱ्या नसतात काय?"

"असतात. मोठ्या स्पर्धेत त्याच वापरतात. पन्नास मीटरला त्या पुरतात, आणि नेमही चांगला बसतो."

"मंग आतापर्यंत काहून नाई आणल्या?"

मॅडमनी तिथूनच फोन लावून तसल्या गोळ्या मागवल्या.

मंद गोळ्यांची पेटी मुदतीच्या चौदाव्या दिवशी आली. मॅडमनी पुन्हा नेम धरला. शालिकराम डोळे मिटून उभे होते. पहिली गोळी माझ्यातून गेली. जाड पुस्तक पटकन मिटावे, एवढाच आवाज झाला. मग दुसरी. तिसरी. कडाका कुठेच नव्हता. पलीकडून मात्र एक आवाज स्पष्ट येत होता, बादलीत पडणाऱ्या दुधाच्या धारेचा. कजरीने फक्त एक कान हलवला आणि रवंथ चालू ठेवला.

बादली भरेपर्यंत पंचफुलाबाईंनी मान वर केली नाही. मग उठून, हात पुसत त्या कुंपणाशी आल्या. "अर्ज वापस घेतो मी. पण गाभण म्हैस व्यायले आली, का मी सांगीन. त्या दिवशी येकही गोळी नाई."

"त्या दिवशी बंदूक पेटीतच राहील," मॅडम म्हणाल्या. आजवर तीनदा तसे झाले आहे.

मित्रांनो, आता आणखी टायर आले आहेत आणि प्रत्येक नेमबाजासमोर आमचा एकेक बोगदा आहे. शालिकराम दर रविवारी आमचा फोम तपासतात आणि पाणी साचू देत नाहीत. म्हणून मी अजून धडधाकट आहे. झिजलेल्या वस्तूला जाळण्याआधी ती आणखी कुठे लागेल, याचा तुम्हीही जरा विचार करा. आणि तुमचा आवडता खेळ मनसोक्त खेळा, पण त्याचा आवाज कुंपणापलीकडे कसा ऐकू येतो, हे पलीकडे जाऊनच विचारा.

परवा शेजारी झालेल्या नव्या इमारतीतले एक गृहस्थ फिरत आले. गोठ्यापाशी थांबून त्यांनी पंचफुलाबाईंना विचारले, "इथला रायफल क्लब बंद पडला वाटतं?"

"बंद काहून पडन?" पंचफुलाबाई म्हणाल्या. "तुमी बोलून राहिले, तेवढ्यात चार गोळ्या गेल्या."

खरे तर सहा गेल्या होत्या. दोन पंचफुलाबाईंनाही ऐकू आल्या नाहीत.