काढू नका

त्या खोलीत बारा यंत्रं अखंड चालत असत आणि त्यातलं एकही कुणाच्या उपयोगाचं नव्हतं. रक्त तपासायची यंत्रं ती. इथे त्यांच्या पोटात रक्ताऐवजी रंगीत पाणी घालायचं आणि ती न थांबता किती दिवस चालतात ते बघायचं. यंत्राचा पत्रा, काच, सुया बनवणारे लोक दुसरीकडे बसत. इथल्या अकरा जणांकडे होता यंत्राचा मेंदू, म्हणजे त्याची ऑपरेटिंग सिस्टिम. तीस वर्षांत पन्नास हातांनी लिहिलेली, ठिगळं लावलेली, आणि चालतेय ना मग कशाला, म्हणून कुणी न आवरलेली.

आवरायचं काम शेवटी ताईकडे आलं. वय त्रेचाळीस, नोकरीची चौदा वर्षं, डब्यातल्या चमच्यालासुद्धा कापड गुंडाळणारी बाई. काम मिळाल्यापासून ऑफिसात तिला सगळे झाडूताई म्हणायला लागले. तिला ते नाव आवडायचं नाही, पण तसं दाखवलं असतं तर ते जन्माचं चिकटलं असतं.

कोडमधल्या एका फाईलला दुसरीकडून काम करून घ्यायचं असलं की आधी ओळख लागते: अमुक नावाचं फंक्शन आहे, त्याला हे द्यायचं, ते हे परत देतं. अशा ओळखींच्या फाईलला हेडर म्हणतात. शहाण्यानं लागतील तेवढेच हेडर मागवावेत. पण मुदतीच्या दिवशी शहाणी माणसं कुठे सापडतात? कुणीतरी कधीतरी एकच हेडर बनवला होता, ज्यात बाकीचे सगळे हेडर कोंबलेले. त्याला सगळे बोचकं म्हणत. ज्याला त्याला काहीही लागलं की तो आख्खं बोचकंच उचलायचा. त्यामुळे बोचक्यात एक स्वल्पविराम बदलला तरी सगळी सिस्टिम पहिल्यापासून बांधून काढावी लागे, चाळीस मिनिटं. चाळीस मिनिटांत माणसं काय करतात ते साहेबांनी एकदा केबिनच्या काचेतून पाहिलं आणि सफाईचा हुकूम काढला.

ताईनं पाच आठवड्यांत तीनशे बारा फायली उपसल्या. प्रत्येकीतून बोचकं काढलं, लागेल तोच हेडर घातला, न लागणाऱ्यांना घरी पाठवलं. चार हजारांवर ओळी गेल्या. चाळीस मिनिटांची सहा झाली. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "याला म्हणतात काम." महिनाअखेर एक जागा रिकामी होणार होती, टीमच्या प्रमुखाची. ती कुणाच्या पदरात पडणार हे आता शेंबड्या पोरालाही कळलं असतं. ताईला ती जागा हवी होती. हे तिनं नवऱ्याशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं, पण चौदा वर्षं दुसऱ्यांची भांडी विसळल्यावर माणसाला एकदा स्वतःची चूल हवीशी वाटते, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं.

जागा रिकामी करणारे गृहस्थ म्हणजे कोठीकाका. यंत्राची मेमरी ही एक कोठी समजा. प्रत्येक प्रोग्रॅमला काम करायला त्यातली थोडी जागा लागते. ती मोजून द्यायची, पत्ता सांगायचा, काम झालं की परत घ्यायची, हा सगळा कोड काकांनी लिहिलेला. घेतलेली जागा परत न ठेवणाऱ्या प्रोग्रॅमरचं नाव ते फळ्यावर लिहीत आणि तो जागा परत ठेवेपर्यंत पुसू देत नसत. साहेबांचंही नाव दोनदा लागलं होतं. सायकलनं येत, सायकलनं जात. तीस वर्षं झाली, कोठीत कधी उंदीर शिरला नाही.

आणि आता शिरला. सफाई झालेली सिस्टिम नव्या, मोठ्या मेमरीच्या यंत्रांवर चढवली. तिसऱ्या दिवशी चार नंबरचं यंत्र मध्येच थांबलं. मग नऊ नंबर. मग एकाच दुपारी तीन. थांबताना प्रत्येक यंत्र आपण कुठे पडलो ते लिहून ठेवतं, आणि प्रत्येकानं एकच जागा लिहिली होती: काकांची कोठी.

"काका, तुमचा कोड म्हातारा झालाय हो," साहेब म्हणाले. तसे वाईट नव्हते साहेब, पण उंटावर बसलेल्या माणसाला शेळ्या सारख्याच दिसतात. त्यांनी स्वतःचा सगळा कोड कागदावर छापून घेतला आणि लाल पेन्सिल घेऊन पहिल्या ओळीपासून वाचायला बसले. आठ दिवस वाचत होते. दुपारी चष्मा काढून डोळे चोळत आणि परत वाचत.

साहेबांनी नवव्या दिवशी ठरवलं. कोठीचा भाग काढून टाकायचा, बाहेरून तयार विकत आणायचा. शुक्रवारी बैठक. "ताई, काकांचं फंक्शन कुठे कुठे वापरलंय त्याची यादी करा," म्हणाले. "काढायचं म्हटलं की तुमचाच हात बसलाय."

यादी करता करताच बुधवारी तिला ते दिसलं. काकांची कोठी दिलेल्या प्रत्येक जागेचा पत्ता टिपून ठेवते. ताईनं ते टिपण आणि यंत्रं पडताना वापरत असलेले पत्ते शेजारी शेजारी मांडले. कोठीनं लांबलचक पत्ता दिला होता. घेणाऱ्यानं वापरला होता त्याचा मागचा अर्धा. पहिला अर्धा गळालेला. एकदा नव्हे, तोवर यंत्रं सत्तावीसदा पडली होती, त्या सत्तावीसच्या सत्तावीस वेळा. कोठी बरोबर सांगत होती आणि ऐकणारा अर्धं ऐकत होता. जागा परत करताना तोच अर्धा पत्ता कोठीच्या हाती यायचा आणि यंत्र तिथे पडायचं. ऐकणारी फाईल होती एकशे अठ्ठ्याऐंशी नंबरची.

ताईला ती फाईल आठवली. आठवली नसती तर बरं झालं असतं. त्या फाईलमध्ये बोचक्याशेजारी काकांच्या कोठीचा हेडर वेगळा मागवलेला होता आणि त्याच्यापुढे लिहिलं होतं, ‘काढू नका’. बस, एवढंच. का काढू नका, कुणी लिहिलं, काही नाही. काका तेव्हा रजेवर होते, काकूंच्या डोळ्यांचं ऑपरेशन होतं. फोन करता आला असता. पण हुकूम सोडणाऱ्यानं कारण द्यायला नको का, असं तिला वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी तिचा हात सपासप चालत होता. तिनं ओळ काढून पाहिली. सिस्टिम बिनतक्रार बांधली गेली. म्हणजे ओळ फुकटचीच, असं ठरवून तिनं ती टाकली.

बिनतक्रार बांधली गेली, कारण त्यांचा कंपायलर, म्हणजे लिहिलेला कोड यंत्राला कळेल असा बांधून देणारा प्रोग्रॅम, जुना आणि भिडस्त. अनोळखी फंक्शन आलं तर तो अडवत नाही. हे छोटासा आकडाच परत देत असेल, असं मनाशी धरून चालतो. एक सूचना तेवढी पुटपुटतो. पण जुन्या कोडमधून अशा हजारो सूचना येतात म्हणून फार वर्षांपूर्वी कुणीतरी त्याचं तोंडच बंद करून ठेवलं होतं. आणि छोट्या आकड्याच्या घरात पत्ता अर्धाच मावतो.

घरी नवरा इस्त्री करत होता. तो कुरिअरच्या ऑफिसात पार्सलं वाटून लावायचा. तिनं सांगितलेलं त्यानं दोन शर्ट होईपर्यंत ऐकलं.

"म्हणजे लेबल फाटलं. खोली नंबर राहिला, इमारतीचा नंबर गेला," तो म्हणाला.

"हो."

"मग इमारत एकच असेल तोवर कुणाला कळणारच नाही. सगळं बरोबरच पोचणार."

"जुन्या यंत्रांत एकच इमारत होती. नव्यांत चार आहेत. पहिली भरली की पार्सल भलत्याच घरात."

त्यानं कॉलर उलटी केली. "आणि लेबल फाडलं कुणी?"

"मी."

"शिव्या कोण खातंय?"

"काका."

"वा. चोर सोडून संन्याशाला फाशी." मग तिचा चेहरा बघून तो म्हणाला, "तुला चोर नाही म्हटलं गं. म्हण आहे ती."

"कळलं," ती म्हणाली आणि इस्त्री झालेला शर्ट उगाच पुन्हा घडी करत बसली.

गुरुवारी ती कागद घेऊन काकांच्या टेबलाशी गेली. काकांनी सत्तावीस जोड्या एकेक करून पाहिल्या, बोट ठेवून. मग लाल पेन्सिल खाली ठेवली.

"म्हणजे माझं बरोबर होतं," ते म्हणाले. आवाज अगदी हळू. "मला वाटलं, वय झालं. वाचतोय पण दिसत नाही, असं वाटायला लागलं होतं."

ताईला तिथल्या तिथे रडू आलं असतं, पण मागे घाईवाला कानात इअरफोन घालून बसला होता. घाईवाला म्हणजे तिच्याहून सहा वर्षांनी लहान, सगळं काल हवं असणारा, आणि त्या जागेचा दुसरा उमेदवार.

"उद्या बैठकीत सांगते," ती म्हणाली.

"काय सांगतेस? ओळ परत घाल. यंत्रं चालायला लागतील. काकांनीच काहीतरी दुरुस्त केलं, म्हणतील. माझा भाग राहील, तुझी जागा राहील. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी महिनाअखेर जातोय, एवढी मूठ मी झाकून नेईन."

खरं म्हणजे रात्री तिनंही हेच ठरवलं होतं. दुसऱ्यानं आपण होऊन म्हटल्यावर तिला इतकं हलकं वाटलं की लाज वाटायलासुद्धा थोडा वेळ लागला. ती वळली, दोन पावलं गेली आणि परत आली.

"काका, ते नुसतं ‘काढू नका’ तुम्हीच लिहिलेलं असणार. कारण का नाही लिहिलं? एक वाक्य असतं तर मी हात लावला नसता."

काकांनी लाल पेन्सिल उचलून खणात टाकली.

"कारण लिहायचं तर पुढचंही लिहावं लागलं असतं," ते म्हणाले. "ती ओळ पहिल्यांदा मीच काढली होती. तुझ्याहून लहान होतो. नीटनेटकं दिसावं म्हणून काढली. तेव्हाच्या यंत्रात आकडा दोन घरांचा, पत्ता चार घरांचा. हेच झालं सगळं. फक्त तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या माणसानं नुकताच नवा भाग लिहिला होता. यंत्रं पडली ती त्याच्या भागात."

"मग?"

"त्याला काढलं. मला कळलं तोवर तो जाऊन आठवडा झाला होता."

"तुम्ही सांगितलं नाही?"

"मी ओळ परत घातली. पुढे लिहिलं, काढू नका." काकांनी कागदांची चवड सारखी केली. "त्याला पुन्हा असं काम मिळालं नाही. मागच्या चौकात सायकली दुरुस्त करतो. माझीही करतो. जुना सोबती म्हणून माझ्याकडून कधी पैसे घेत नाही."

ताई जागेवर जाऊन बसली. दिवसभरात तिनं एकही ओळ लिहिली नाही.

शुक्रवारच्या बैठकीत साहेबांनी विकतच्या कोठीचं पत्रक सगळ्यांना वाटलं. ते अर्धं वाचून होईपर्यंत ताई उभी राहिली. "काकांच्या कोडमध्ये चूक नाही," ती म्हणाली. "चूक माझी आहे. एकशे अठ्ठ्याऐंशी नंबरच्या फाईलमधून मी एक ओळ काढली. काढू नका लिहिलेलं असताना काढली, कुणाला विचारलं नाही." तिनं जोड्या पडद्यावर दाखवल्या. पाच मिनिटांत झालं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. टाळ्या वाजवण्यासारखं त्यात काय होतं? काका खाली मान घालून बसले होते. सुटका झालेल्या माणसानं वर बघावं, पण त्यांनी बघितलं नाही.

ओळ परत घातली. बारा यंत्रं अकरा दिवस न थांबता चालली. विकतची कोठी बारगळली. कंपायलरचं बंद केलेलं तोंड साहेबांनी उघडायला लावलं आणि त्यातून आलेल्या हजारो सूचना एकेक करून निस्तरायचं काम ताईच्या गळ्यात पडलं. प्रमुखाची जागा घाईवाल्याला मिळाली. "समजून घ्या, ताई," साहेब म्हणाले. तिनं समजून घेतलं. घरी जाऊन मात्र ती खूप रडली आणि नवऱ्यानं त्या दिवशी एकही म्हण वापरली नाही.

महिनाअखेर काकांचा निरोप झाला. भाषणं झाली, पुष्पगुच्छ झाला, सगळ्यांबरोबर फोटो झाला. चार वाजता काका म्हणाले, मला जरा लवकर निघायचंय, चौकातलं दुकान बंद व्हायच्या आत. ताईच्या टेबलापाशी थांबले आणि म्हणाले, "फाईल बघ."

तिनं एकशे अठ्ठ्याऐंशी नंबरची फाईल उघडली. ‘काढू नका’च्या पुढे आता लिहिलं होतं: ‘काढली तर कोठीची ओळख जाते आणि पत्ता अर्धा होतो. पहिल्यांदा मी काढली. नोकरी शेजारच्याची गेली. मला ठाऊक होतं.’ खाली काकांनी पूर्ण सही केली होती, तीस वर्षांत कोडमध्ये कधी न केलेली.

ताईनं त्याखाली एक ओळ टाकली, ‘दुसऱ्यांदा मी,’ आणि आपली सही केली. फाईल सगळ्यांसाठी चढवली. मग खिडकीशी गेली.

खाली सायकलींच्या रांगेत काका एकटेच होते. पुष्पगुच्छ कॅरिअरला लावलेला. ते मागच्या चाकाशी वाकले, व्हॉल्व्हची टोपी काढली आणि चाकातली सगळी हवा सोडून दिली. चांगली धडधाकट सायकल होती, सकाळी तिच्यावर बसूनच आले होते. हवा गेल्याची हातानं दाबून खात्री केली, टोपी लावली, आणि बसकं चाक ढकलत ते चौकाकडे चालू लागले.