अळीचं माहेर

या मायबाप, जरा पुढे सरका. मागं बसलेल्याला गोष्ट अर्धीच पोचते. आज एका अळीच्या कुळाची कथा सांगतो. देव तिच्यातही आहेच.

गावात टोमॅटोवर नवीच अळी आली. पान पोखरून कागद करायची, मग फळात शिरायची. औषधाला दाद नाही. बोट कुणाकडे गेलं? एका घरच्या धाकट्या सुनेकडे, धाकटीकडे. रोपं तिनं माहेराहून आणलेली ना!

"चार दिवसांत प्लॉट उपट," तिचे थोरले दीर बांधावरून गरजले. गावात त्यांचाच शब्द चाले. "तुझ्या माहेरापायी गाव बुडवायचं का?"

"भावजी, अळीनं सांगितलं का तुम्हाला, मी हिच्या माहेरची म्हणून?"

"जीभ बघा! उपटतेस की नांगर घालू?"

कीड तपासणाऱ्या बाई मध्ये पडल्या. "अळीच्या एका पायातूनही तिचं कूळ कळतं. धाकटीच्या रानातली, तिच्या माहेरची, अन् भावजींच्या शेडमधल्या रिकाम्या क्रेटात सापडलेला हा मेलेला पतंग, तिन्ही प्रयोगशाळेत जाऊ देत. आठ दिवस थांबा."

"चार म्हणजे चार!"

दुपारी भावानं माहेरच्या अळीची बाटली पाठवली. आतली अळी हुबेहूब तशीच. धाकटीनं बाटली दोनदा उजेडात धरून पाहिली. थोरली जाऊ कानाशी लागली, "वेडे, फेक ती. परसातली वांग्याची अळी घाल. देवाशिवाय कोण बघतंय?"

"तोच बघतोय ना, अक्का."

 अळी तीच ठेवून बाटलीवरच्या चिठ्ठीवर तिनं भावाचंच नाव लिहिलं.

पाचव्या दिवशी नांगर फिरला. फळांनी लगडलेली झाडं मातीत गेली. धाकटीनं ती एकेक करून पोत्यात भरली.

नवव्या दिवशी बाईंनी सगळ्यांसमोर निकाल वाचला. माहेरची अळी दिसायला सख्खी, पण कुळानं परकी. रानातली अळी अन् क्रेटातला पतंग मात्र एकाच कुळाचे. दूरच्या बाजारातून फुकट मिळाले म्हणून भावजींनीच क्रेट आणले होते, अन् मोठ्या मनानं गावभर वाटले होते!

भावजी बाईंकडे वळले. "म्हणजे... माझाही प्लॉट?"

"कीड लागलेली झाडं काढावीच लागतील."

भावजी रानात गेले, पण त्यांचा हात झाडाला लागेना. तेवढ्यात धाकटी पोतं घेऊन आली.

"सरका, भावजी. मला सवय झालीय."

मायबाप, घरी जाऊन ताटावर बसाल तेव्हा तिला आठवा. निकाल काय येईल ठाऊक नव्हतं, तेव्हा तिनं बाटलीवर खरं नाव लिहिलं होतं.